ढगांआडचा भात मोजताना

कोकणात भाताची लावणी होते तीच मुळी ढगांखाली. जुलैत साध्या उपग्रहाच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा वरून नुसते ढगच दिसतात. रडारचे तसे नाही. युरोपच्या ‘सेंटिनेल-१’ उपग्रहाच्या सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढग पार करून जमिनीपर्यंत पोहोचतात. त्यांना उजेडही लागत नाही.

चिखलणी करून पाणी भरलेल्या खाचरावरून या लहरी आरशावरून उडाव्यात तशा भलतीकडेच निघून जातात. चित्रात खाचर काळे दिसते. रोपांना फुटवे आले, की लहरी पाण्यावर आणि खोडांवर आपटून माघारी येतात, शेत उजळते. एकाच तारखेच्या चित्रात साचलेले पाणीही भात वाटेल. पण तळे काळेच राहते, भात उजळतो. कधी उजळला, यावरून लावणीची वेळही कळते. तमिळनाडूत पीकविम्यासाठी ही माहिती वापरली गेली आहे.

कोकणातली अडचण वेगळी. चित्रातला एक ठिपका १०० चौरस मीटरचा, म्हणजे जेमतेम गुंठाभर. रडारच्या चित्रातली खरखर घालवायला शेजारचे ठिपके मिसळावे लागतात, आणि दोन गुंठ्यांचे खाचर बांधापलीकडच्या वरकस जमिनीत हरवते. नुकसानभरपाईसाठी अडून बसलेला शेतकरी बहुधा अशाच खाचराचा धनी असतो.