तीन कोनाड्यांची समाधी

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात मार्शवुडच्या खोऱ्यात व्हिटचर्च कॅननिकोरम नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या मानानं चर्च मात्र प्रशस्त. त्याच्या उत्तरेकडच्या दालनात तेराव्या शतकातली एक समाधी आहे, संत वाइट यांची. लॅटिनमध्ये त्यांना कँडिडा म्हणत. दोन्ही नावांचा अर्थ एकच, शुभ्र.

समाधीवर ना सोनं, ना रत्नं. खाली दगडी चौथरा, वर दगडी पेटी. चौथऱ्यात मात्र तीन लंबगोल कोनाडे कोरलेले आहेत. खरी समाधी कळते ती या कोनाड्यांमुळेच. दुखरा हात किंवा पाय त्यात घालायचा आणि बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायची, अशी यात्रेकरूंची रीत होती. ज्याला अंथरुणातून उठवत नसे, त्याचा रुमाल घरची माणसं इथं टेकवून परत नेत. संतांच्या दिवशी इथं केक आणि चीज वाहत, असा उल्लेख थॉमस मोर यांनी केला आहे.

या वाइट कोण होत्या, याविषयी कथा अनेक आहेत. एका कथेनुसार डेन लोकांच्या हल्ल्यात मारली गेलेली ती एक सॅक्सन स्त्री.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या आज्ञेनं देशभरातल्या संतांच्या समाध्या फोडल्या गेल्या. कँटरबरीची थॉमस बेकेट यांची वैभवशाली समाधी 1538 मध्ये नाहीशी झाली. ही समाधी मात्र वाचली. मध्ययुगीन समाधी संताच्या अस्थींसह टिकून राहिली, अशा इंग्लंडात दोनच जागा: लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राजा एडवर्ड यांची आणि या खेड्यात वाइट यांची.

आत अस्थी आहेत, हे 1900 साली डोळ्यांनी दिसलं. भिंत खचून समाधीला तडा गेला, तेव्हा आत शिशाची पेटी सापडली. संत वाइट यांचे अवशेष इथं विसावले आहेत, असा लॅटिन मजकूर तिच्यावर होता. आतली हाडं लहान चणीच्या, चाळिशीतल्या स्त्रीची होती. ती पुन्हा तिथंच ठेवली.

एकीकडे राजा, दुसरीकडे जिचं चरित्रही नीट ठाऊक नाही अशी स्त्री. तिच्या दारी लोक आपलं दुखणं घेऊन आले. तिची थोरवी एवढीच, आणि ती पुरेशी आहे. लोक आजही येतात. प्रार्थना लिहिलेल्या चिठ्ठ्या आजही त्या तीन कोनाड्यांत ठेवलेल्या असतात.