घर पाहावे बांधून, पण आधी कागदावर

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठवाड्यातील थोरांच्या तोंडी आजही असते. लग्नाचे काम चार दिवसांत आटोपते. घराचे काम मात्र वर्ष-दोन वर्षे चालते, आयुष्यभराची पुंजी त्यात जाते आणि झालेली चूक पुढच्या पिढीलाही दिसत राहते. तरीही लग्नाच्या याद्या महिनोन्महिने आधी तयार होतात, आणि घराचे बरेचसे बेत मुहूर्ताचा नारळ फुटल्यानंतर ठरतात. बांधकामाच्या नियोजनाची मूलतत्त्वे समजून घ्यायची ती याच विसंगतीमुळे.

परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. जुन्या वस्तीत माळवदाची घरे, दगडी जोती आणि ढाळजा अजून कोठे कोठे उभ्या आहेत. त्यांच्या शेजारी आता सिमेंट काँक्रीटच्या दोन-तीन मजली इमारती उठत आहेत. खाली दुकान किंवा गोदाम आणि वर राहते घर, ही व्यापारी कुटुंबाची नेहमीची रचना. जुने घर आणि नवे घर यांत साहित्य बदलले, पण जमीन तीच राहिली. ती जमीन म्हणजे कपाशीला मानवणारी आणि इमारतीला न मानवणारी काळी माती.

काळ्या मातीचा स्वभाव

पावसाळ्यात पाणी पिऊन ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. शेतातील त्या भेगांत माणसाचा हात सहज जातो. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या कणांत पाणी शिरते व निघते, म्हणून हा खेळ दरवर्षी चालतो. उथळ पायावरचे घर मग वर्षातून एकदा उचलले जाते आणि एकदा खचते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली तडे पुष्कळदा याचीच साक्ष देतात.

म्हणून येथील घराच्या नियोजनाची पहिली पायरी नकाशा नसून खड्डा आहे. दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन काळ्या मातीचा थर किती खोल आहे आणि मुरूम किंवा खडक कोठे लागतो, हे पाहावे लागते. थर कमी असेल तर पाया सरळ मुरमापर्यंत नेता येतो. थर फार खोल असेल तर रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्याकडे रूढ केलेले, तळाशी फुगीर कंद असणारे काँक्रीटचे खांब हा एक पर्याय असतो. जोत्यातील भराव काळ्या मातीचा न करता मुरमाचा करणे आणि घराभोवती पाणी साचू न देणे ही पथ्येही त्यातच येतात. कोणता उपाय योग्य, हे संरचना अभियंत्याने ठरवायचे असते. एकूण खर्चाच्या तुलनेत त्याची फी लहान असते, पण नेमकी तीच वाचवण्याचा मोह अनेकांना होतो.

जायकवाडीचा धडा

याच मातीशी एका फार मोठ्या प्रकल्पालाही सामना करावा लागला. मानवत परिसराच्या शेतीला ज्याच्या कालव्याचा आधार आहे, त्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठण येथे झाली. 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. सुमारे 10 किलोमीटर लांबीचे मातीचे धरण, 27 दरवाजे आणि 208 किलोमीटरचा डावा कालवा, असा हा पसारा. बीड जिल्ह्यातील ज्या जायकवाडी गावाजवळ धरण बांधण्याचा मूळ विचार होता, ती जागा बदलून पैठण निवडले गेले. नाव मात्र जुनेच राहिले.

कागदावर जागा बदलली, तेव्हा बदलावे लागले ते केवळ नकाशे. भराव घातल्यानंतर तोच निर्णय घेतला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच पुरेशी आहे. बदल करायचा तो आरंभी करावा, कारण काम जितके पुढे जाते तितकी बदलाची किंमत चढत जाते. घराच्या बाबतीतही जिना कोठे घ्यायचा, देवघर कोणत्या बाजूला असावे, पुढे मजला चढवायचा की नाही, हे पाया खणण्यापूर्वी ठरले पाहिजे. दोन मजल्यांसाठी आखलेल्या पायावर तिसरा मजला चढवणे हे धाडस नव्हे, तो धोका आहे.

काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांचे अस्तर माती फुगल्याने उखडते. मुंबईच्या आयआयटीमधील डॉ. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून त्यावर एक उपाय पुढे आला. तो म्हणजे अस्तराखाली न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा थर देणे. मानवतच्या घरमालकाने आणि कालव्याच्या अभियंत्याने सोडवायचा प्रश्न मुळात एकच आहे.

जायकवाडीचा दुसरा धडा गृहीतकांचा. धरण आखताना गोदावरीत किती पाणी येईल याचा एक अंदाज होता. पुढे वरच्या खोऱ्यात, नाशिक आणि अहमदनगर जिल्ह्यांत, पाणी अडवले व वापरले जाऊ लागले आणि अनेक वर्षी नाथसागर पुरेसा भरेना. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. बांधकाम उत्तम असूनही गृहीतक बदलले तर फळ कमी मिळते, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी त्याची किंमत मोजतो. म्हणून प्रत्येक योजनेत आपण काय गृहीत धरले आहे, हे स्पष्ट लिहून ठेवावे. मुलाची नोकरी टिकेल, दुकानाचे भाडे येईल, जुना प्लॉट वेळेवर विकला जाईल, ही सारी गृहीतकेच आहेत. त्यांतील एखादे चुकले तर काम कोठे थांबवता येईल, याचे उत्तरही आधीच ठरलेले असावे.

अंदाजपत्रक आणि उशिराचे व्याज

भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द प्रकल्पाला 1983 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा त्याची किंमत सुमारे 372 कोटी रुपये होती. भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. पुढे सुधारित किंमत 18 हजार कोटींच्याही वर गेली. भूसंपादन, पुनर्वसन, कामाच्या व्याप्तीतील बदल आणि महागाई ही अशा वाढीची नेहमीची कारणे. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे वेळ. बांधकामात उशीर हा खर्चाचाच दुसरा प्रकार असतो.

घराच्या बाबतीत हा हिशेब सहज मांडता येतो. समजा, एका कुटुंबाने 30 लाखांचे गृहकर्ज 9 टक्के दराने घेतले आणि सर्व रक्कम उचलली गेली. महिन्याचे केवळ व्याज 22,500 रुपये होते. त्यात भाड्याच्या घराचे 8,000 रुपये मिळवले, तर घर हाती न आलेला प्रत्येक महिना 30,500 रुपयांना पडतो. सहा महिन्यांच्या विलंबाचे 1 लाख 83 हजार रुपये झाले. एवढ्या रकमेचे सिमेंट किंवा सळई घराला लागलेली नसते. ती रक्कम निव्वळ वाट पाहण्यात गेलेली असते.

अंदाजपत्रक केवळ चौरस फुटाच्या दरावर करू नये. खोदाई, काँक्रीट, सळई, विटकाम, गिलावा, फरशी, दारे-खिडक्या, नळकाम, वीज आणि रंग या प्रत्येकाचे परिमाण व दर वेगळे लिहावेत. वाळू व खडी किती ब्रास, सिमेंटच्या किती गोण्या, हे आकडे हाती असले की गुत्तेदाराशी बोलताना आणि माल मोजून घेताना उपयोगी पडतात. परवानगीचे शुल्क, वीजजोडणी, पाण्याची टाकी, कुंपणभिंत या बाबी बहुधा विसरल्या जातात. त्याशिवाय एकूण खर्चाच्या सुमारे दहा टक्के रक्कम अकल्पित खर्चासाठी बाजूला असावी. ती रक्कम उंची फरशीवर उधळण्यासाठी नसते.

बँका बांधकामाचे कर्ज एकरकमी देत नाहीत. पाया, जोते, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर, प्रत्यक्ष पाहणीनंतर रक्कम मिळते. अनेकांना ही अडवणूक वाटते. वास्तविक, झालेल्या कामाइतकेच पैसे देण्याची ती शिस्त आहे आणि घरमालकाने गुत्तेदाराशी वागताना तीच पाळावी. करारात कामाची व्याप्ती, साहित्याचा दर्जा, टप्पे, मुदत आणि वाढीव कामाचा दर लिहिलेला असावा. ओळखीतला माणूस आहे म्हणून कागद करायचा नाही, ही रीत पुढे ओळखच तोडते.

क्रम, मुदत आणि सवड

1957 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी मोठ्या कामांचे वेळापत्रक आखण्याची ‘निर्णायक मार्ग’ पद्धत विकसित केली. नाव भारदस्त असले तरी कल्पना स्वयंपाकघरातील आहे. चार पदार्थ करायचे असता जाणती गृहिणी डाळ आधी शिजत टाकते आणि कोशिंबीर शेवटी करते. जे काम लांबले तर सारेच लांबते, ते निर्णायक. उरलेल्या कामांना थोडी सवड असते.

उदाहरणार्थ, सुताराला सागवानी चौकटींसाठी 40 दिवस लागतात आणि भिंतींचे काम 60 व्या दिवशी सुरू व्हायचे आहे, असे समजू. मग चौकटींची मागणी उशिरात उशिरा 20 व्या दिवशी गेली पाहिजे. ती 35 व्या दिवशी गेली तर गवंडी 15 दिवस खोळंबेल किंवा दुसऱ्या कामावर निघून जाईल. गेलेला गवंडी परत कधी येईल, हे कोणत्याच वेळापत्रकात लिहिता येत नाही.

काही मुदती मात्र आक्रसता येत नाहीत. भारतीय मानक 456 नुसार साधे सिमेंट वापरले असेल तर काँक्रीट किमान 7 दिवस आणि मिश्र सिमेंट असेल तर किमान 10 दिवस ओले ठेवावे लागते. नेहमीच्या हवामानात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू 7 दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालील 14 दिवसांपूर्वी काढू नयेत. सहा मीटरपर्यंतच्या तुळईसाठी 14 दिवस, त्याहून लांब तुळईसाठी 21 दिवस. सेंट्रिंगवाल्याला त्याचे साहित्य दुसरीकडे न्यायचे असते, म्हणून तो घाई करतो. तेथे घरमालकाने ठाम राहावे. वाचवलेले चार दिवस पुढे चाळीस वर्षे गळत राहतात.

मानवतसारख्या ठिकाणी वेळापत्रक ऋतूंना धरूनच आखावे लागते. दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कितीतरी मजूर कुटुंबे बाहेर पडतात आणि त्याच सुमारास कापूस वेचणीही सुरू असते. उन्हाळ्यात माणसे मिळाली तरी पाण्याची चणचण असते. म्हणून मृग नक्षत्रापासून मागे मोजत यावे. स्लॅब मृगाच्या आत हवी असेल तर जोते केव्हा, पाया केव्हा, परवानगीचा अर्ज केव्हा, असे एकेक उत्तर मागून पुढे ठरते. चातुर्मासात जोत्याचा खड्डा उघडा राहिला तर काळी माती पाणी पिते आणि केलेली मेहनत वाया जाते.

जागेवरची नोंदवही

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनासोबत भागीदारी करून बांधकामाच्या धंद्यात पाऊल टाकले. एकाकडे भांडवल व व्यापारी घराण्याची पत, तर दुसऱ्याकडे रेल्वेच्या कामाची माहिती. पुढे भोर घाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचे काम आणि 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी अशी ही वाट विस्तारत गेली. बांधकामात पैसा आणि तांत्रिक ज्ञान एकमेकांचे ऐकतात तेव्हाच काम उभे राहते. घरमालक, अभियंता आणि गुत्तेदार यांचे नातेही असेच असायला हवे.

त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दोनशे पानी वही. रोज किती मजूर आले, कोणते काम झाले, किती माल आला, किती वापरला, कोणी कोणता बदल सांगितला, याची नोंद तारखेसह व्हावी. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये आणि गोण्या ओल्या जमिनीवर रचू नयेत. स्लॅब ओतण्यापूर्वी सळईची जाळी अभियंत्याने पाहावी, विजेच्या नळ्या बसल्या आहेत याची खात्री करावी आणि फोटो काढून ठेवावेत. भिंत झाकली गेल्यावर स्मरणशक्तीवर भिस्त ठेवावी लागत नाही.

उंचावर काम करणाऱ्या मजुराच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि पायाखाली भक्कम पहाड असावा, ही दया नसून जबाबदारी आहे. बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि राज्यात त्यांचे कल्याणकारी मंडळही आहे. कामावरील मजुरांची तेथे नोंदणी झाली आहे का, हे विचारण्यास एक मिनिटही लागत नाही.

स्वतः न बांधता सदनिका घेणाऱ्यांना 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने आधार दिला आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम विकासकाने स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाची जमीन व बांधकाम यांवर खर्चावी लागते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत संरचनेत दोष आढळला तर त्याने तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. महारेराची नोंदणी पाहिल्याशिवाय नोंदणीयोग्य प्रकल्पात पैसे गुंतवू नयेत.

काम संपले की भोगवटा प्रमाणपत्र घ्यावे. मंजूर नकाशा, संरचनेचे आराखडे, नळ व वीजवाहिन्यांचे नकाशे आणि ती नोंदवही एका फाइलमध्ये जपून ठेवावी. वीस वर्षांनी मुलगा वर आणखी एक मजला चढवू म्हणेल, तेव्हा पायात काय आहे हे त्याला भिंत सांगणार नाही. ते त्या फाइलमध्येच सापडेल.