स्पीकरमधली घरघर: कारण शोधायचं कसं?

विलंबित ख्यालात गायक समेवर येऊन थोडा विसावतो. त्या विसाव्यात तंबोरे भरून ऐकू यायला हवेत. पुष्कळ घरांत मात्र त्या जागी स्पीकरमधून विजेचा अखंड ‘हूंऽऽ’ ऐकू येतो. दुरुस्तीवाले त्याला हमिंग म्हणतात. गाणं मोठं झालं की तो झाकला जातो, म्हणून लोक वर्षानुवर्षं त्याची सवय करून घेतात. काही जण कंटाळून नवा अँप्लिफायर आणतात आणि त्यातूनही तोच आवाज निघतो. याचं कारण असं, की बहुतेक वेळा दोष एखाद्या यंत्रात नसतो. यंत्रं एकमेकांना आणि भिंतीतल्या विजेला जशी जोडली आहेत, त्या जोडणीत तो असतो. तो शोधायला पैसा थोडाच लागतो. क्रम आणि धीर मात्र लागतो.

आधी कानांनी ओळखा

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. तीच थेट आवाजाच्या तारेत शिरली, तर ५० हर्ट्झचा खोल, गोलसर ‘हूं’ ऐकू येतो. यंत्राच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये या विजेचा खालचा अर्धा भाग वर उलटवून घेतात, त्यामुळे तिथून गळणारा आवाज दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. पेटीवर ताडून पाहा. १०० हर्ट्झ हा स्वर खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वर येतो आणि ५० हर्ट्झ त्याच्याही एक सप्तक खाली. काळी एकला गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यात तो तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधे कुठेतरी, बेसूर जागी बसतो. शास्त्रीय संगीत ऐकताना हमिंग एवढं का खुपतं, याचं उत्तर यातच आहे.

दुसरा प्रकार झर्रर्र, भर्रर्र अशा कोरड्या, टोकदार आवाजाचा. त्यात १०० हर्ट्झच्या पटीतले वरचे स्वर भरपूर असतात. गोल ‘हूं’चा रोख बहुधा अर्थिंगकडे, केबलकडे किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळिकीकडे असतो. टोकदार ‘झर्रर्र’चा रोख पंख्याचा रेग्युलेटर, दिवे, चार्जर किंवा पॉवर सप्लायकडे असतो. तिसऱ्या प्रकारात आवाज स्पीकरमधून येतच नाही, तो यंत्राच्या डब्यातूनच येतो. स्पीकरला कान लावा, मग डब्याला लावा. या एका कृतीनं निम्मा शोध संपतो.

व्हॉल्यूमची चाचणी

काहीही न वाजवता अँप्लिफायर चालू ठेवा आणि व्हॉल्यूम हळूहळू वाढवा. आवाज व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल, तर तो व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच, म्हणजे प्लेअर, केबल किंवा इनपुटच्या वाटेनं आत आला आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तो तेवढाच राहत असेल, तर तो बटणाच्या पुढे, म्हणजे पॉवर अँप्लिफायरमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये शिरतो आहे. मग सिलेक्टर एकेका इनपुटवर फिरवा. एकाच इनपुटवर घरघर असेल, तर त्या इनपुटला जोडलेलं यंत्र किंवा त्याची केबल संशयित ठरते.

एकेक दुवा सोडवा

आता अँप्लिफायर बंद करा आणि स्पीकर सोडून बाकीच्या सगळ्या केबल काढा. बंद करणं महत्त्वाचं आहे. आरसीए पिनचा मधला दांडा बाहेरच्या कड्याच्या आधी टेकतो आणि शेवटी सुटतो. चालू यंत्रात पिन घातली किंवा ओढली, तर त्या क्षणी मोठा धक्का स्पीकरला बसतो.

नुसता अँप्लिफायर आणि स्पीकर जोडून चालू करा. शांत असेल, तर अँप्लिफायर निर्दोष आहे. मग एक यंत्र जोडा, ऐका. दुसरं जोडा, ऐका. घरघर सुरू होईल तिथे थांबा. शेवटी जोडलेल्या यंत्राला लगेच दोष देऊ नका. त्या यंत्राची सिग्नलची केबल काढून फक्त विजेचा प्लग ठेवा, मग उलट करून पाहा. दोन्ही जोडलेले असतानाच घरघर होत असेल, तर निदान जवळजवळ नक्की झालं: हा अर्थ लूप.

अर्थ लूप म्हणजे काय?

सिग्नलच्या केबलमध्ये दोन वाटा असतात. मधली तार आवाज नेते आणि भोवतीची जाळी, म्हणजे शिल्ड, शून्याची पातळी ठरवते. दोन यंत्रांना थ्री-पिन प्लग असतील, तर त्यांचे शून्य दोन वाटांनी जोडले जातात: एकदा केबलच्या शिल्डमधून आणि एकदा भिंतीतल्या अर्थच्या तारेतून. हे एक बंद वर्तुळ झालं. घरातल्या दोन टोकांच्या सॉकेटांमध्ये अर्थची पातळी अगदी सारखी नसते. दोन टाक्या खालून नळीनं जोडल्या आणि पाण्याची पातळी वेगळी असली, की नळीतून पाणी वाहणारच. तसाच ५० हर्ट्झचा प्रवाह शिल्डमधून वाहतो आणि अँप्लिफायर त्यालाच संगीत समजून मोठा करतो. फरक काही मिलिव्होल्टचा असला तरी तो ऐकू येतो. शिवाय हे वर्तुळ जितकं मोठं, तितकं ते आसपासच्या विजेच्या तारांचं चुंबकीय क्षेत्रही जास्त पकडतं.

घरात हा लूप बहुधा तीन ठिकाणी सापडतो.

पहिलं ठिकाण सबवूफर. तो खोलीच्या कोपऱ्यात, वेगळ्या सॉकेटवर असतो आणि अँप्लिफायरपासून लांब केबल त्याच्यापर्यंत जाते. सबवूफरचा प्लग अँप्लिफायरच्याच बोर्डावर आणा. पुष्कळदा घरघर तिथेच थांबते. सगळी यंत्रं एका बोर्डावर लावायला लोक घाबरतात, पण ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला सुमारे १३८० वॅट देतं. घरगुती संगीताच्या यंत्रांना एवढे पुरतात. फक्त बोर्ड चांगल्या प्रतीचा आणि खरं अर्थिंग असलेला हवा, आणि त्याच बोर्डावर इस्त्री किंवा गीझर नको.

दुसरं ठिकाण लॅपटॉप. गाणं लॅपटॉपवरून वाजत असेल आणि घरघर येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर वाट चार्जरची आहे.

तिसरं ठिकाण डिश किंवा केबल टीव्हीची तार. सेट-टॉप बॉक्सला टू-पिन प्लग असतो, म्हणून त्याच्यावर कोणाला संशय येत नाही. पण गच्चीवरून येणाऱ्या जाड तारेचं शिल्ड इमारतीच्या लोखंडाला किंवा दुसऱ्या अर्थला टेकलेलं असतं. सगळं बंद करून ती तार बॉक्समधून काढा, पुन्हा चालू करून ऐका. शांत झालं, तर कारण तेच.

उपाय सोपे आहेत. टीव्ही किंवा बॉक्सला ऑप्टिकल आउटपुट असेल आणि अँप्लिफायर ऑप्टिकल इनपुट घेत असेल, तर तीच केबल वापरा. तिच्यातून उजेड जातो, तांब्याची तार नसते, त्यामुळे वर्तुळच तुटतं. ते शक्य नसेल, तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते. तिच्यातले ट्रान्सफॉर्मर आवाज पलीकडे पोचवतात, पण दोन बाजू तारेनं जोडत नाहीत. स्वस्त डब्यांत खालचे स्वर थोडे पातळ होतात, म्हणून बरी घ्या. केबल टीव्हीच्या तारेतच बसवायचे आयसोलेटरही असतात, मात्र ते डिशला लावू नका. डिशच्या डोक्याला त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट मिळतात. ते अडले, तर चित्रच बंद पडेल.

अर्थची पिन काढू नका

हा परिच्छेद कृपा करून दोनदा वाचा. अर्थ लूपवर एक ‘इलाज’ सर्रास सांगितला जातो: थ्री-पिन प्लगची जाड पिन काढून टाका किंवा टू-पिन अडॅप्टर लावा. घरघर जातेही. पण ती पिन माणसाच्या जिवासाठी आहे. यंत्राच्या आत फेजची तार सुटून पत्र्याच्या डब्याला टेकली, तर अर्थमुळे मोठा प्रवाह वाहतो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. अर्थ नसेल, तर डबा २३० व्होल्टवर तसाच उभा राहतो आणि त्याला हात लावणारा माणूस ती वाट पूर्ण करतो. केबलच्या शिल्डमधून तो धोका बाकीच्या यंत्रांपर्यंतही जातो. शांततेसाठी एवढी किंमत कोणीही मोजू नये.

उलट, जुन्या वाड्यांत आणि चाळींत पुष्कळ ठिकाणी सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे अर्थची तारच नसते. तिथे वेगळी घरघर येते. अँप्लिफायरच्या धातूच्या भागाला हात लावला, की आवाज बदलतो किंवा कमी होतो. डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. तो मल्टिमीटरनं फेज आणि अर्थमध्ये साधारण २३० व्होल्ट आणि न्यूट्रल व अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट आहेत का, ते पाहील. हे मोजमाप स्वतः करू नका. अर्थिंग दुरुस्त झालं, की हमिंगबरोबर त्याहून मोठी काळजीही मिटते.

रेकॉर्ड प्लेअर

तबकड्या ऐकणाऱ्यांना हमिंग सगळ्यात जास्त छळतं, आणि त्यामागचं गणित स्पष्ट आहे. सीडी प्लेअर सुमारे २ व्होल्टचा सिग्नल देतो. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं कार्ट्रिज देतं फक्त ५ मिलिव्होल्टच्या आसपास. म्हणून फोनो प्रीअँप्लिफायर तो सिग्नल मधल्या स्वरांत साधारण १०० पट वाढवतो. शिवाय लाँग प्ले तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम कमी केलेले असतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए मानकानुसार ते वाजवताना भरून काढावे लागतात. त्यामुळे ५० हर्ट्झ मधल्या स्वरांपेक्षा आणखी सुमारे ७ पट वाढतो. म्हणजे केबलमध्ये शिरलेलं हमिंग एकूण ७०० पट मोठं होऊन बाहेर येतं.

टर्नटेबलमागून बहुधा एक बारीक, सुटी तार निघते, तिच्या टोकाला काट्यासारखी क्लिप असते. ती अँप्लिफायरवरच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला घट्ट बसवा. बसवलेली असूनही घरघर असेल, तर एकदा काढून ऐका. काही टर्नटेबलमध्ये अर्थ आधीच आतून जोडलेला असतो. मग हेडशेलच्या चार बारीक पिना आणि आरसीए पिना स्वच्छ कापडानं पुसा. शेवटी टर्नटेबल अँप्लिफायरपासून हात-दीड हात लांब सरकवा. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र केबलच्या साध्या शिल्डनं अडत नाही, अंतरानं मात्र झपाट्यानं कमी होतं. सिग्नलच्या केबल विजेच्या वायरला लगटून नेऊ नका. एकमेकांना ओलांडणं भागच असेल, तर काटकोनात ओलांडा.

झर्रर्र कुठून येतं?

टोकदार आवाजासाठी खोलीभर फिरा. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर विजेची लाट सेकंदाला १०० वेळा मधेच कापतो. त्या कापलेल्या कडांचा आवाज तारांमधून आणि हवेतूनही अँप्लिफायरपर्यंत पोचतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा. झर्रर्र थांबलं, तर कपॅसिटरवर चालणारा, टप्प्याटप्प्यांचा रेग्युलेटर बसवून घ्या. मग एकेक एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर बंद करून पाहा. स्वस्त चार्जर इथे वारंवार सापडतात. फक्त वीज गेल्यावर घरघर वाढत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असण्याची शक्यता जास्त. संगीताच्या यंत्रांना साइन वेव्हचाच लागतो. आणि फोन वाजण्याच्या क्षणभर आधी येणारं ‘टर्र-टर्र’ हे २जी मोबाइलचं. तो सेकंदाला २१७ वेळा सिग्नल फेकतो. फोन लांब ठेवला, की झालं.

मेकॅनिकचं काम

व्हॉल्यूम शून्यावर, सगळ्या केबल काढलेल्या, तरीही स्पीकरमधून १०० हर्ट्झची घरघर येत असेल आणि अँप्लिफायर जुना असेल, तर पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर वाळलेले असण्याची दाट शक्यता आहे. ते बदलता येतात, पण डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये ती शेकडो व्होल्टची असते. डब्यातूनच येणारी घरघर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्यांच्या कंपनाची. ती हलकी असेल तर निरुपद्रवी आहे. नव्यानं वाढली असेल तर ढिले बोल्ट आणि घरातला व्होल्टेज तपासून घ्या.

मेकॅनिककडे जाताना नुसतं ‘घरघर येते’ असं सांगू नका. आवाज गोल की टोकदार, व्हॉल्यूमबरोबर बदलतो की नाही, कोणती केबल काढल्यावर थांबतो, हे कागदावर लिहून न्या. एवढ्या माहितीवर चांगला मेकॅनिक नेमक्या भागाला हात घालतो आणि चांगले भाग उगाच बदलले जात नाहीत. घरी शांतता आली, की एक सवय लावून घ्या. नवं यंत्र, नवा दिवा किंवा नवा चार्जर आला, की त्याच दिवशी काही न वाजवता व्हॉल्यूम वाढवून ऐका. घरात नुकतं काय बदललं हे तेव्हा लक्षात असतं, म्हणून कारणही लगेच हाती लागतं.