कोणते इंद्रिय खोटे बोलते?

जन्मापासून आंधळ्या माणसाला घन आणि गोल हाताने चाचपून ओळखता येतात. उद्या त्याला दृष्टी आली आणि तेच दोन ठोकळे समोर ठेवले, तर हात न लावता, नुसते बघून, त्याला ते ओळखता येतील का?

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी हा प्रश्न १६८८ साली इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्राने विचारला. मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टी लग्नानंतर थोड्याच काळात गेली होती, त्यामुळे या प्रश्नामागे घरातले दुःखही असावे असे मला वाटते. लॉक यांनी तो आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत घेतला आणि उत्तर दिले: नाही. तत्त्वज्ञ बर्कली यांचेही तेच मत. तत्त्वज्ञ लायब्निझ यांना मात्र वाटले की समोर हे दोनच आकार आहेत एवढे आधी सांगितले, तर तो माणूस विचाराने ओळखेल. आकाराचे ज्ञान बुद्धीचे की ज्या त्या इंद्रियाचे, असा हा वाद होता.

१७२८ साली लंडनचे शल्यविशारद विल्यम चेसेल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. जन्मापासून आंधळ्या किंवा अगदी लहानपणी दृष्टी गेलेल्या या मुलाच्या मोतीबिंदूंवर त्यांनी शस्त्रक्रिया केली होती. सुरुवातीला त्याला वाटे की दिसणारी प्रत्येक वस्तू डोळ्यांना येऊन टेकते आहे. घरातले मांजर कोणते आणि कुत्रा कोणता, हे तो सारखे विसरे आणि विचारायची त्याला लाज वाटे. एकदा त्याने मांजराला पकडले. स्पर्शाने ते ओळखीचे होतेच. मग त्याच्याकडे टक लावून पाहिले आणि खाली सोडताना म्हणाला की आता पुढच्या वेळी तुला ओळखीन. दोनेक महिन्यांनी चित्रांत माणसे आणि वस्तू असतात हे त्याच्या ध्यानात आले. त्याने चित्राला हात लावला, तर सगळे सपाट! तेव्हा त्याने विचारले, यांतले खोटे बोलते आहे ते कोण, स्पर्श की दृष्टी? सत्याविषयी इतका नेमका प्रश्न मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच सापडतो.

मॉलिन्यूंच्या प्रश्नाची काटेकोर परीक्षा व्हायला एकविसावे शतक उजाडावे लागले, आणि ती झाली भारतात. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ या प्रकल्पात जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया होतात. त्यांतल्या आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांची चाचणी शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत घेतली गेली. एक ठोकळा हातात द्यायचा, मग दोन ठोकळे दाखवून हातातला कोणता ते विचारायचे. स्पर्शाने पाहिलेले स्पर्शाने ओळखण्यात मुले जवळजवळ चुकलीच नाहीत. डोळ्यांनी पाहिलेले डोळ्यांनी ओळखण्यातही सुमारे ९२ टक्के उत्तरे बरोबर आली. पण हाताचे ज्ञान डोळ्यांकडे न्यायची वेळ आली, तेव्हा प्रमाण ५८ टक्क्यांवर घसरले, म्हणजे नाणे उडवून उत्तर दिल्यासारखेच. २०११ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लॉक यांचे उत्तर खरे ठरले. मला त्याहून विलक्षण वाटते ते पुढचे: ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, ती मुले काहीही खास शिकवणी न देता थोड्याच दिवसांत झपाट्याने सुधारली.

सिडनी ब्रॅडफर्ड यांची कहाणी आणखी बारकावे दाखवते. दहा महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली आणि वयाच्या ५२ व्या वर्षी ती परत आली. मोठी इंग्रजी अक्षरे त्यांनी अंधशाळेत हाताने गिरवली होती, ती त्यांना लगेच वाचता आली. छोटी अक्षरे हाताखालून गेली नव्हती, ती आली नाहीत. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी त्यांना लंडनच्या विज्ञान संग्रहालयात घेऊन गेले. अवजारांचे त्यांना वेड होते, पण काचेतले लेथ मशीन पाहून काहीच उमगेना. पेटी उघडल्यावर त्यांनी डोळे मिटले, यंत्रावर मनसोक्त हात फिरवला, मागे सरले, डोळे उघडले आणि म्हणाले की हाताने कळले, आता दिसते आहे.

काही तत्त्वज्ञ भारतातल्या चाचणीवर आक्षेप घेतात. ठोकळे स्थिर होते, म्हणून नव्या डोळ्यांना त्यांची खोली, त्यांचे घनरूप कळलेच नसेल, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप रास्त वाटतो. मुलाला ठोकळ्याभोवती फिरू द्यावे, ठोकळा त्याच्यासमोर फिरवून दाखवावा, फक्त हात लावू देऊ नये, आणि मग पुन्हा विचारावे.