आईसाठी लिहून ठेवलेली सूट

राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपास करण्याचं बंधन कॅथलिक चर्चच्या कायद्यानं वयाच्या 18 व्या वर्षापासून साठावं वर्ष लागेपर्यंत घातलं आहे. दिवसातून एकदा पोटभर, दोनदा थोडंसं आणि मांसाहार अजिबात नाही. 'एकादशी दुप्पट खाशी' असली पळवाट इथे नाही. साबुदाण्याची सोय कुणी करून ठेवलेली नाही. पण गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस आणि अंगमेहनत करणारा कष्टकरी यांना धर्मशास्त्राची परंपरा फार पूर्वीपासून या उपासातून मोकळं ठेवत आली आहे. तरीही वसईच्या पट्ट्यात नंदाखाल, आगाशी, गास, पापडी अशा कुठल्याही गावात चौकशी करा, सातव्या महिन्यात उपास धरलेली एखादी सून सापडेल. तिच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नसते. आईनं केला, सासूनं केला, म्हणून ती करते. विचारलं तर म्हणेल, "एका दिवसानं काय होतंय?"

रविवारच्या मिस्साचंही, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचंही, तेच. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, म्हणजे 'कॅटेकिझम'मध्ये, मिस्साला न येण्यासाठी गंभीर कारण कोणतं हे सांगताना कंसात दोन उदाहरणं दिली आहेत: आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल. दोनातलं एक थेट बाळंतिणीसाठीच आहे. कम्युनियन, म्हणजे मिस्सातला प्रसाद, घेण्याआधी तासभर काही खाऊ नये हा नियम म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं उरकून, उभ्या उभ्या चहा पिऊन चर्च गाठणारी बाई या सवलतीत बसते. ती मात्र "मी चहा घेतलाय" म्हणून रांगेत न जाता बाकावरच बसून राहते.

कॅथलिक आईबद्दलचे लेख बहुधा संततिनियमनाच्या बंदीपासून सुरू होतात. बंदी आहेच, तिच्याकडे येऊ. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. बंदी सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि आईसाठी लिहून ठेवलेली सूट मात्र धर्मग्रंथातून निघून तिच्या स्वयंपाकघरापर्यंत काही पोहोचत नाही.

ही किरकोळ बाब नव्हे. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. महाराष्ट्रात 54 टक्क्यांच्या आसपास. रक्तक्षय काही धर्म विचारून येत नाही. गरोदरपणी साखर वाढलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या बाईनं जेवण चुकवलं तर साखर एकदम उतरून घेरी येते, आणि तिला थेट इस्पितळात न्यावं लागतं. अशा बाईनं राखेच्या बुधवारी वेळेवर जेवावं, यात पाप कसलं? तिला त्यागच करायचा असेल तर मोबाइलचा करावा, रागाचा करावा. धर्मगुरूही हेच सांगतात, विचारलं तर.

आईच्या प्रकृतीच्या बाबतीत रोमचं मन वळायला किती काळ लागतो, याची एक गोष्ट आपल्याच उपखंडात घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅग्नेस मॅकलारेन यांनी रावळपिंडीत बायका-मुलांसाठी इस्पितळ उभं केलं. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत, बाळंतपण तर दूरच. बाई डॉक्टर हवी, आणि जन्मभर या कामाला वाहून घेणारी हवी. धर्मभगिनींखेरीज अशा बायका आणायच्या कुठून? पण व्रतस्थ भगिनींनी वैद्यकी करणं, त्यातही बाळंतपण करणं, चर्चच्या नियमांत बसत नव्हतं. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बाईला ते शोभत नाही, अशी समजूत. मॅकलारेन म्हातारपणी रोमला जाऊन अर्ज-विनंत्या करत राहिल्या आणि 1913 साली वारल्या. त्यांचं काम पुढे नेलं ऑस्ट्रियाच्या अ‍ॅना डेंगल यांनी. आयर्लंडमधल्या कॉर्कला डॉक्टर होऊन त्या 1920 साली रावळपिंडीला आल्या आणि 1925 मध्ये त्यांनी अमेरिकेत 'मेडिकल मिशन सिस्टर्स' हा संघ काढला. नियम आडवा येऊ नये म्हणून संघातल्या बायका सुरुवातीला जाहीर व्रतं न घेताच राहिल्या. अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजी रोमनं परवानगी दिली, आणि भगिनींना बाळंतपणं करता येऊ लागली.

याच सुमारास आंध्रातल्या गुंटूरला सिस्टर मेरी ग्लोरी काम करत होत्या. मेलबर्नच्या या डॉक्टर 1920 साली भारतात आल्या. त्यांना पोपनी खास बाब म्हणून वैद्यकीची परवानगी दिली होती. गावातल्या बायकांना त्यांनी परिचारिकेचं, सुईणपणाचं, औषधं बनवण्याचं शिक्षण दिलं, आणि 1943 मध्ये देशातल्या कॅथलिक इस्पितळांची संघटना उभारली. आज आपल्या गल्लीतल्या 'मिशनच्या हॉस्पिटल'मध्ये सिस्टर बाळंतिणीचं पोट तपासते, ते आपल्याला अगदी साधं वाटतं. रोमला पटायला मात्र एक पिढी खर्ची पडली.

आता बंदीकडे येऊ. पोप तेविसावे जॉन यांनी 1963 मध्ये नेमलेल्या आणि पुढे वाढवलेल्या अभ्यासगटातल्या बहुसंख्य सभासदांनी नियम सैल करावा, असं मत दिलं होतं. पुढचे पोप सहावे पॉल यांनी ते मानलं नाही. 25 जुलै 1968 ची तारीख घातलेल्या 'ह्युमाने व्हिते' या परिपत्रकात त्यांनी गोळ्या, निरोध, नसबंदी या सगळ्या कृत्रिम उपायांना नकार दिला. योगायोग असा, की भारत सरकारनं 'निरोध' बाजारात आणला तोही याच वर्षी. पाळणा लांबवायचा तर स्त्रीच्या मासिक चक्रातले गर्भ न राहण्याचे दिवस ओळखा आणि बाकीच्या दिवसांत संयम पाळा, एवढी वाट चर्चनं मोकळी ठेवली.

ही वाट अगदीच हवेत काढलेली नव्हती. मेलबर्नचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. जॉन बिलिंग्ज 1953 पासून स्त्रीच्या स्रावाच्या खुणांवरून सुपीक दिवस ओळखण्याची पद्धत बसवत होते. पुढे पत्नी डॉ. एव्हलिन त्यात उतरल्या. (दोघे नऊ मुलांचे आईबाप. हसायला हरकत नाही.) या पद्धतीचा तक्ता पाहण्यासारखा असतो. महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक घर. पाळीच्या दिवसावर लाल तिकीट, कोरड्या दिवसावर हिरवं, आणि स्राव पातळ, निसरडा, ताणला जाणारा असेल त्या दिवशी पांढरं तिकीट, त्यावर छोट्या बाळाचं चित्र. खाली बाईनं आपल्या शब्दांत नोंद करायची. शिकवणाऱ्या सिस्टर सांगतात की तिकीट नवऱ्यानं लावावं, म्हणजे 'आज नको' हे बायकोला तोंडानं सांगावं लागत नाही. यातलं शहाणपण मला मोलाचं वाटतं. आपल्या शरीराची एवढी ओळख शाळेत कुठल्या मुलीला करून दिली जाते?

जागतिक आरोग्य संघटनेनं सत्तरच्या दशकात पाच देशांत या पद्धतीची चाचणी घेतली. त्यातलं एक केंद्र बंगळूरला होतं. पहिल्याच चक्रात नव्वद टक्क्यांहून अधिक बायकांना खुणा ओळखता आल्या, निरक्षर बायकांनासुद्धा. पण चाचणीची दुसरी बाजू प्रवचनात सांगितली जात नाही. नियम काटेकोर पाळले तर वर्षभरात शंभरातल्या तीनेक बायकांना दिवस गेले. माणसं प्रत्यक्षात वागतात तसं धरलं तर विसाच्या आसपास. रात्रपाळी करणारी नर्स, पाळी अनियमित असलेली बाई, नुकती बाळंत झालेली आई, दारू पिऊन येणारा नवरा असलेली बायको यांनी हिरव्या तिकिटाच्या भरवशावर किती राहायचं? मदर तेरेसा यांनी 1979 च्या नोबेल भाषणात सांगितलं होतं की त्यांच्या भगिनींनी शिकवलेल्या नैसर्गिक नियोजनामुळे कोलकात्यात सहा वर्षांत 61,273 जन्म कमी झाले. हा हिशेब त्यांच्या संस्थेचा. माझा प्रश्न साधा आहे: संयमाला दोघे लागतात, आणि दोघांतल्या एकाला नकार ऐकायची सवय नसेल तर?

बायकांनी याचं उत्तर न बोलता देऊन टाकलं आहे. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या ख्रिस्ती स्त्रियांचा जननदर, म्हणजे दर स्त्रीमागे मुलांची सरासरी, 1.88 निघाला, म्हणजे देशाच्या 2.0 या सरासरीहूनही खाली. गोव्यात सगळ्या धर्मांचा मिळून तो 1.3 आहे. केरळमधल्या पाला धर्मप्रांतानं 2021 मध्ये पाच किंवा अधिक मुलं असलेल्या कुटुंबांना महिना 1,500 रुपये मदत जाहीर केली, ती घटत्या जन्मांच्या काळजीतून. एवढी घट केवळ हिरव्या-पांढऱ्या तिकिटांनी झाली असं कुणी म्हणणार नाही. दुसऱ्या सिझेरियननंतर बाई दुसऱ्या इस्पितळात जाऊन नसबंदी करून येते, कारण चर्चच्या इस्पितळात ती होत नाही. मग एक तर ती कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला, जाऊन सांगते, नाहीतर त्या ओझ्यापायी कुमसाराला जाणंच सोडते. दुसऱ्या प्रकारच्या बायकांची मला जास्त काळजी वाटते.

आणि इथेही न पोहोचलेली सूट आहेच. त्याच 'ह्युमाने व्हिते'त असं स्पष्ट म्हटलं आहे की आजार बरा करण्यासाठी लागणारा उपचार घ्यायला हरकत नाही, मग त्यानं गर्भधारणा थांबत असली तरी. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराच्या आजारावर किंवा अतिरक्तस्रावावर डॉक्टरांनी हॉर्मोनच्या गोळ्या दिल्या तर ते पाप नव्हे. गर्भाशयात गर्भ जगण्याजोगा वाढूच शकत नाही, अशी तज्ज्ञांची खात्री झाली असेल तर ते काढून टाकायलाही हरकत नाही, असं रोमनं 10 डिसेंबर 2018 च्या उत्तरात सांगितलं. जानेवारी 2015 मध्ये मनिलाहून परतताना पोप फ्रान्सिस यांनी सात सिझेरियननंतर आठव्यांदा गरोदर असलेल्या एका बाईचा उल्लेख करून, हा बेजबाबदारपणा आहे, असं पत्रकारांना सुनावलं होतं. चांगल्या कॅथलिकानं सशांसारखी पोरं काढली पाहिजेत असं नाही, हा त्यांचा शेरा जगभर गाजला.

त्यागाचं उदाहरण म्हणून प्रवचनात हमखास येणारं नाव जियाना बेरेत्ता मोल्ला यांचं. इटलीच्या या बालरोगतज्ज्ञ. चौथ्या मुलाच्या वेळी, 1961 मध्ये, गर्भाशयात गाठ निघाली. त्यांनी फक्त गाठ काढून घेतली, गर्भ ठेवला. 21 एप्रिल 1962 ला मुलगी झाली, आणि 28 तारखेला पोटातल्या जंतुसंसर्गानं जियाना गेल्या. 2004 साली त्यांना संतपद मिळालं, तेव्हा नवरा आणि मुलं समारंभाला हजर होती. प्रवचनात गाळलं जातं ते असं, की आईचा जीव वाचवण्यासाठी आजारी गर्भाशयच काढून टाकणं कॅथलिक नीतीनुसारही चाललं असतं. जियानांनी केलं ते स्वखुशीनं. संतांचं ऐच्छिक धैर्य सुनांच्या माथी नियम म्हणून मारू नये.

सगळ्यात उशिरा पोहोचलेली सूट मूल गमावलेल्या आईची. बाप्तिस्मा होण्याआधीच गेलेलं बाळ स्वर्गात जात नाही, 'लिंबो'त राहतं, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. अशा बाळांना दफनभूमीत वेगळ्या कोपऱ्यात पुरत. म्हणून तर सुईणीला तातडीचा बाप्तिस्मा कसा द्यायचा हे शिकवलं जाई. पाणी, बाप्तिस्म्याचे ठरलेले शब्द आणि योग्य हेतू असला की कोणीही तो देऊ शकतं, हा नियम आजही आहे. लिंबो हा चर्चचा बंधनकारक धर्मसिद्धान्त कधीच नव्हता. 2007 साली रोमच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगानं, अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ आधार आहेत, असं मांडलं. आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस होता, एवढ्यावर बिशपांच्या परवानगीनं बाळाचा अंत्यविधीही चर्चमध्ये होऊ शकतो. आज सत्तरीला आलेल्या कितीतरी बायका चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या बाळाबद्दल अजून स्वतःलाच दोष देतात. त्यांच्या घरी जाऊन हे कुणी सांगितलं आहे का?

सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला जा. डोंगर चढताना दोन्ही बाजूंच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, घरं आणि बोटभर लांबीची मेणाची बाळं मांडलेली असतात. बाळ घेणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्या असतात. ती मरियेपुढे ठेवून मूल मागतात. या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. फक्त एक सांगावंसं वाटतं, की नवस बोलल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊ नये असं कुठल्याच धर्मात लिहिलेलं नाही, आणि तपासणीला नवऱ्यानंही गेलं पाहिजे. बाळंतपणानंतर रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तो श्रद्धेचा कमीपणा नव्हे, आजार आहे. रोझरी म्हणावी आणि डॉक्टरांकडेही जावं. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे तेल लावून केलेला प्रार्थनाविधी, हाही फक्त मरणाऱ्यासाठी नसतो. अवघड शस्त्रक्रियेआधी तो घेता येतो, अगदी तिशीतल्या बाईलाही.

धर्मगुरूंना एक विनंती. राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी उपासाचे नियम वेदीवरून वाचले जातात, तेव्हा उपास कुणी करू नये, तेही त्याच आवाजात वाचा. लग्नाआधीच्या शिबिरात एक तास स्त्रीरोगतज्ज्ञाला द्या, आणि त्या तासाला नवरदेवांनाही बसवा.