भाताचे खाचर आणि मोटारीचा धूर

गायीच्या रवंथावरून आंतरराष्ट्रीय राजकारण पेटू शकते, असे कोणी पन्नास वर्षांपूर्वी म्हटले असते तर त्याला डोक्यावर तेल थापायचा सल्ला मिळाला असता. पण १९९० च्या सुमारास तसे घडले खरे. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने पृथ्वीच्या तापमानवाढीला कोणता देश किती जबाबदार, याचा ताळेबंद मांडला. पहिल्या पाचांत अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ असणार, हे उघडच होते. पण त्यांच्याच पंगतीला ब्राझील, चीन आणि भारत यांचीही पाने मांडलेली होती! आपल्या पानात वाढलेल्या पापाचा मोठा वाटा होता मिथेन वायूचा, म्हणजे भाताच्या खाचरांचा आणि गायीम्हशींच्या पोटांचा.

या हिशेबाला सर्वांत सणसणीत उत्तर दिले ते सरकारने नव्हे, एका पत्रकाराने. अनिल अगरवाल हे त्याचे नाव. कानपूरचा मुलगा, तिथल्याच आयआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर झालेला. त्या काळी अशा मुलांची पावले आपोआप अमेरिकेकडे वळत. याची वळली वर्तमानपत्राच्या कचेरीकडे. १९७३ मध्ये ‘हिंदुस्तान टाइम्स’चा विज्ञान वार्ताहर झाल्यावर थोड्याच काळात तो हिमालयात चिपको आंदोलन पाहायला गेला आणि तिथल्या बायांनी त्याचे डोळे उघडले. जंगल म्हणजे सहलीची हिरवाई नव्हे; ते जळण, चारा आणि पाणी आहे, आणि ते गेले की बाईची पायपीट मैलामैलांनी वाढते. पुढे १९८० मध्ये त्याने दिल्लीत विज्ञान आणि पर्यावरण केंद्र काढले. १९८२ मध्ये देशाच्या पर्यावरणाचा पहिला ‘नागरिकांचा अहवाल’ आला. गरिबाच्या घरात सकल राष्ट्रीय उत्पादनापेक्षा ‘सकल निसर्ग उत्पादन’ मोलाचे, हे अगरवाल यांचे लाडके म्हणणे.

सुनीता नारायण यांच्याबरोबर त्यांनी १९९१ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचा मुद्दा घरातल्या कोणालाही समजेल असा आहे. हवेत सोडलेला सगळाच कार्बन तिथे साठत नाही. समुद्र आणि जंगले त्यातला बराच शोषून घेतात. म्हणजे ही शोषण्याची ताकद हे साऱ्या जगाचे गायरान झाले. आता ते वाटायचे कसे? अमेरिकी संस्थेने ज्याचा धूर जास्त, त्याला त्या प्रमाणात गायरानाचा वाटा जास्त दिला होता. ज्याच्या दावणीला शंभर गुरे त्याला शंभरांची चराई आणि ज्याची एकच शेळी तिला एकीपुरते गवत, असा हा न्याय! अगरवाल आणि नारायण यांनी तेच गायरान माणशी सारखे वाटून पाहिले, तेव्हा भारत आणि चीन यांच्या अंगावर आलेले पाप जवळजवळ नाहीसेच झाले. या प्रकाराला त्यांनी नाव दिले, पर्यावरणातला वसाहतवाद.

त्यांनी आणखी एक भेद केला, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जगण्यासाठीचा धूर वेगळा आणि चैनीचा धूर वेगळा. पोटासाठी लावलेल्या भाताचा मिथेन आणि दोन गाड्यांच्या घरातला पेट्रोलचा धूर एकाच तराजूत घालायचे का?

गंमत म्हणजे भाताचा आकडाही फुगलेलाच निघाला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने भारतीय भातशेतीच्या नावावर वर्षाला सुमारे पावणेचार कोटी टन मिथेन लावला होता. आशेष प्रसाद मित्रा यांच्या पुढाकाराने आपल्या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये शेताशेतांत जाऊन मोजमाप केले. हिशेब निघाला चाळीस लाख टनांच्या आसपास. आपली कितीतरी भाताची शेते केवळ पावसावर असतात, हंगामभर त्यांत पाणी तुंबून राहत नाही, हे खाचरात पाय घातलेल्या कोणीही सांगितले असते.

१९९२ च्या रिओ परिषदेत ‘जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे’ हे तत्त्व करारात आले. अगरवाल तिथेच थांबले नाहीत. १९९७ मध्ये त्यांच्या केंद्राने देशभरच्या जुन्या पाणीव्यवस्थांवर जाडजूड ग्रंथ काढला. त्यात आपल्या धुळे-नाशिककडची फड पद्धतही आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी आणायचे, आणि कोणत्या फडात यंदा कोणते पीक घ्यायचे ते गावाने मिळून ठरवायचे. पाण्याच्या वाटपाचे शहाणपण आपल्याकडे होते, हे दिल्लीत बसलेल्या माणसाने शोधून सांगावे याची थोडी लाजही वाटते. दुर्धर कर्करोगाशी काही वर्षे झुंजून २ जानेवारी २००२ रोजी ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ५४ होते.

ते आज असते तर त्यांना हिशेबाची वही पुन्हा उघडावी लागली असती. वर्षाच्या एकूण कार्बनात भारत आता जगात तिसरा आहे. दरडोई पाहिले तर आपण अजूनही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून खाली. अमेरिकन माणूस आपल्या सात पट धूर सोडतो. हे खरेच. पण त्या सरासरीच्या आड मीही लपलेलो असतो. पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये दोन एसी आहेत, खाली गाडी उभी आहे. जगण्याचा आणि चैनीचा धूर यांच्यातली रेघ पूर्वी देशादेशांमध्ये होती, ती आता माझ्या घराण्यातूनच जाते.

कारण भोर तालुक्यात माझ्या चुलतभावाची बावीस गुंठे भाताची खाचरे आहेत. मी हवामानावर लिहितो म्हणून तो मला अधूनमधून फोन करतो. गेल्या काही वर्षांत त्याच्या दोन तक्रारी कायमच्या झाल्या आहेत. रोपे तयार असतात तेव्हा पाऊस दडी मारतो, आणि लोंब्या पिवळ्या झाल्या की ऑक्टोबरात कोसळून उभे पीक आडवे करतो. परवा मी त्याला त्या जुन्या भांडणाची हकिगत सांगितली. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “दादा, आमच्या भातानं पाऊस बिघडवला म्हणत होते व्हय? आणि आता पावसानं भात बिघडवला, ते कोणाच्या नावावर लिवायचं?”

मी म्हटले, “बघतो.” अजून बघतोच आहे.