सरन्यायाधीश कोणी व्हावे?

लोकशाहीत संसद कायदे करते, सरकार त्यांची अंमलबजावणी करते आणि दोघांपैकी कोणी राज्यघटनेची मर्यादा ओलांडल्यास न्यायालय त्यांना अडवते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाच्या प्रमुखपदी कोण येतो, याच्याशी प्रत्येक नागरिकाचा संबंध असतो. १९७८ साली या प्रश्नावरून देशात मोठा वाद झाला.

त्या वर्षी फेब्रुवारीत सरन्यायाधीश बेग निवृत्त होणार होते. ज्येष्ठतेनुसार पुढचा क्रम न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड यांचा होता. पुण्यात जन्मलेले चंद्रचूड मुंबई उच्च न्यायालयातून १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात आले होते. मात्र मुंबईतील काही नामवंत वकिलांनीच त्यांच्या नियुक्तीला जाहीर विरोध केला.

या विरोधाचे कारण आणीबाणीतील एका निकालात होते. एखाद्याला बेकायदा डांबून ठेवले असेल, तर त्याला न्यायालयापुढे हजर करून अटकेचे कारण विचारता येते. या उपायाला ‘बंदिप्रत्यक्षीकरण’ म्हणतात. आणीबाणीत ‘मिसा’ कायद्याखाली हजारो लोक स्थानबद्ध झाले. त्यांना न्यायालयात दाद मागता येईल, असे अनेक उच्च न्यायालयांनी सांगितले होते. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते दार बंद केले. त्या चौघांत चंद्रचूड होते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले.

कसोटीच्या वेळी ज्यांनी नागरिकांच्या स्वातंत्र्याचे रक्षण केले नाही, त्यांच्याकडे हे सर्वोच्च पद कसे सोपवावे, असा विरोधकांचा सवाल होता.

दुसरी बाजूही तितकीच सबळ होती. १९७३ साली सरकारने तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश नेमले. त्या तिघांनी राजीनामे दिले. १९७७ साली खन्ना यांना डावलून बेग यांची नियुक्ती झाली. खन्ना यांनीही राजीनामा दिला. सरकारला निकाल आवडला की बढती आणि नावडला की डावलणे, अशी रीत पडली तर न्यायाधीश निर्भय कसे राहतील? ज्येष्ठतेचा नियम या लहरीला लगाम घालतो.

निर्णय जनता पक्षाच्या सरकारला घ्यायचा होता. पंतप्रधान मोरारजी देसाई स्वतः आणीबाणीत स्थानबद्ध होते. कायदामंत्री शांतिभूषण यांनी त्याच खटल्यात स्थानबद्धांची बाजू मांडली होती. तरीही सरकारने नियम पाळला. २२ फेब्रुवारी १९७८ रोजी चंद्रचूड सरन्यायाधीश झाले आणि जुलै १९८५ पर्यंत पदावर राहिले. एवढी दीर्घ कारकीर्द अन्य कोणत्याही सरन्यायाधीशाला लाभलेली नाही.

१९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात त्यांच्या न्यायपीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. तरीही १९७६ चा डाग पुसला गेला नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. त्यातील प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच पुत्र होते.

राज्यघटना न्यायाधीशपदासाठी नागरिकत्व, अनुभव अशा किमान अटी सांगते. धैर्य मोजण्याचे माप तिच्यात नाही. ज्येष्ठतेचा नियम न्यायाधीशाला सरकारच्या मर्जीपासून वाचवतो, पण त्याची योग्यता सिद्ध करत नाही. ती त्याच्या निकालांतून पारखावी लागते आणि ही पारख करण्याचा हक्क जागरूक नागरिकांनी बजावायचा असतो.